वणव्याचा धूर सॅटेलाइटला कळतो कसा? उत्तर सापडतं विजयदुर्गावरून गेलेल्या १८६८ च्या ग्रहणात

फेब्रुवारी सरत आला की रत्नागिरी जिल्ह्यातल्या सड्यांवरचं गवत वाळून कोळ होतं. मग कुणी फेकलेली विडी, कुठे हाताबाहेर गेलेली भाजावळ, कुठे विजेच्या तारांची ठिणगी. एवढं पुरतं. वारा असेल तर तासाभरात डोंगराची अख्खी बाजू पेटते आणि आग खाली आंबा-काजूच्या बागांत उतरते. पंधरा-वीस वर्षं वाढवलेली कलमं एका दुपारी जातात. या बातम्या दरवर्षी येतात, फक्त गावांची नावं बदलतात.

जळालेली कलमं मोजता येतात. पण जो धूर वर गेला, त्याचं काय? तो किती होता, त्यात काय होतं, कुठल्या उंचीवरून कुठे गेला?

हे सांगणारं एक यंत्र रोज दुपारी दीडच्या सुमारास आपल्या डोक्यावरून जातं. युरोपचा सेंटिनेल-५पी नावाचा उपग्रह. १३ ऑक्टोबर २०१७ ला तो सोडला गेला आणि आठशे किलोमीटरहून जास्त उंचीवरून तो पृथ्वीभोवती फिरतो. त्याच्यावर ट्रोपोमी नावाचं उपकरण आहे. कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, फॉर्मल्डिहाइड असे जळण्यातून निघणारे वायू ते मोजतं. गंमत म्हणजे ते धुराला हातसुद्धा लावत नाही. नमुना घेत नाही, काही शोषून घेत नाही. ते फक्त उजेड बघतं.

नुसता उजेड बघून मधल्या हवेत काय आहे हे ओळखायची विद्या उभी करण्यात ज्यांनी आयुष्य घातलं, त्यातलं एक मोठं नाव म्हणजे पिअर जान्सेन. पॅरिसचा माणूस, एका पायाने अधू, शाळेचं तोंड न पाहिलेला. कोकणाला खरं तर त्याचं नाव पाठ असायला हवं होतं. पण आपल्याकडे त्याची जागा दुसऱ्याच साहेबाने घेतली.

विजयदुर्गाचा घोळ

दरवर्षी १८ ऑगस्टला विजयदुर्ग किल्ल्यावर हेलियम दिन साजरा होतो. किल्ला आज सिंधुदुर्गात आहे. पण १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा झाला, तोपर्यंत हा सगळा मुलूख रत्नागिरी जिल्हाच होता. किल्ल्यावर साहेबाचे ओटे दाखवतात आणि गोष्ट सांगतात ती अशी, की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने या ओट्यांवर दुर्बीण लावली आणि सूर्यावर हेलियम शोधला.

व्हॉट्सअॅपवर ही गोष्ट तुम्हीही वाचली असेल. ती अर्धी खरी आहे.

ग्रहण खरं आहे. त्या दिवशी चंद्राची सावली अरबी समुद्रावरून येऊन याच किनाऱ्यावर चढली आणि जमखंडी, विजापूर, गुंटूर, मछलीपट्टणम् असं करत पूर्वेला निघून गेली. लॉकियरही खरा, आणि तो विजयदुर्गावर आला हेही खरं. पण तो आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. म्हणजे तीस वर्षांनी. सोबत मेल्पोमिनी या ब्रिटिश युद्धनौकेचे खलाशी होते आणि किल्ल्यावर मोठा तळ पडला होता. १८६८ साली मात्र लॉकियर इंग्लंडमध्ये युद्धखात्यात कारकुनी करत होता आणि फावल्या वेळात आकाश बघत होता. ग्रहणाच्या दिवशी तो भारतात नव्हताच.

शिवाय तारीख बघा. १८ ऑगस्ट, श्रावणातली अमावस्या. भर पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर सूर्य बघायची हमी कोण देणार? त्यामुळे मोठमोठी पथकं सह्याद्रीच्या पलीकडे गेली. लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला, कॅप्टन हेग विजापूरला, मेजर टेनंट गुंटूरला, मद्रासचे पॉगसन मछलीपट्टणम्‌ला. जमखंडीलाही ढगांनी छळलंच.

गुंटूरला इंग्रजांच्या तळापासून वेगळा आणखी एक तळ होता. तिथल्या एका फ्रेंच व्यापाऱ्याच्या घरी. तिथे उतरले होते जान्सेन.

शाळेत न गेलेलं पोर

२२ फेब्रुवारी १८२४ ला पॅरिसमध्ये जन्म. वडील संगीतकार. लहानपणी सांभाळणाऱ्या बाईच्या हलगर्जीपणामुळे अपघात झाला आणि एक पाय कायमचा अधू झाला. त्यामुळे शाळा नाहीच, शिकणं घरी. पुढे घरची परिस्थिती बेताची झाली तशी बँकेत नोकरी धरली. नोकरी सांभाळून अभ्यास, मग गणिताची पदवी १८५२ मध्ये, म्हणजे वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. आजच्या भाषेत गॅपच गॅप.

१८५७ मध्ये चुंबकीय विषुववृत्ताची मोजणी करायला पेरूला गेले आणि आजारी पडून परतले. १८६० मध्ये डॉक्टरेट मिळाली. विषय होता, डोळ्यातले वेगवेगळे थर उष्णता किती शोषून घेतात. विषय किरकोळ वाटेल. पण कुठल्या थरातून जाताना प्रकाशाचं काय होतं, हा एकच प्रश्न हा माणूस पुढची सत्तेचाळीस वर्षं विचारत राहिला. आधी डोळा होता, मग हवा आली, मग सूर्य.

उजेडाचा बारकोड

सूर्यप्रकाश प्रिझममधून सोडला की सात रंगांचा पट्टा दिसतो हे शाळेत सगळ्यांनी केलंय. चांगलं उपकरण असेल तर त्या पट्ट्यात बारीक काळ्या रेघा दिसतात, शेकड्यांनी. फ्राउनहोफर या जर्मन कारागिराने १८१४ च्या सुमारास त्यांचा नकाशा काढला. या रेघा का पडतात हे १८५९ मध्ये कळलं. बुन्सेन आणि किरखोफ यांनी दाखवलं की प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक रंग गिळतं. म्हणजे रेघा हा बारकोड झाला. रेघ वाचा, पदार्थ ओळखा.

सगळे खूश झाले. सूर्यावर काय आहे ते आता इथे बसून कळणार!

पण एक अडचण होती. सूर्याचा उजेड आपल्यापर्यंत येतो तो आपल्याच हवेतून. मग एखादी रेघ सूर्याने पाडली की आपल्या हवेने, हे ओळखायचं कसं? सूर्य मावळतीला गेला की काही रेघा जाड होतात, हे स्कॉटलंडच्या ब्रूस्टरने आधीच पाहिलं होतं. मावळतीचा प्रकाश तिरका येतो, त्याला जास्त हवा कापावी लागते. म्हणजे या रेघा हवेच्या असाव्यात, असा संशय होता. पुरावा नव्हता.

जान्सेननी पुरावा कसा गोळा केला ते बघण्यासारखं आहे.

१८६४ मध्ये ते आल्प्समधल्या फाउलहॉर्न शिखरावर जाऊन राहिले. वर हवा विरळ, रेघाही फिक्या. पण सूर्य वापरला की सूर्याचा संशय राहतोच. म्हणून त्यांनी सूर्यच बाजूला काढला. जिनिव्हा सरोवराच्या काठी न्योन गावात पाइनच्या लाकडांची मोठी आग पेटवली आणि एकवीस किलोमीटरवर, जिनिव्हातून तिचा उजेड तपासला. आगीजवळ उभं राहिलं तर पट्टा स्वच्छ, काळ्या रेघा नाहीत. एकवीस किलोमीटरवरून पाहिलं तर त्याच आगीच्या उजेडात रेघा उमटलेल्या. आग तीच, फरक फक्त मधल्या हवेचा.

लाकडं पेटवली आणि दूर बसून मधली हवा वाचली. उपग्रह दीडशे वर्षांनी जे करणार होता, त्याचं हे बाळरूप म्हणायला हरकत नाही.

तरी एक प्रश्न उरलाच. हवेतलं नेमकं काय? त्यासाठी १८६६ मध्ये पॅरिसच्या ला व्हिलेत भागातल्या गॅस कारखान्यात त्यांनी ३७ मीटर लांब लोखंडी नळी घेतली, तिच्यात दाबाखाली वाफ भरली, एका टोकाला गॅसचे दिवे लावले आणि दुसऱ्या टोकाला उपकरण. रेघा उमटल्या. मावळतीच्या सूर्यात दिसणाऱ्या बऱ्याच रेघा पाण्याच्या वाफेच्या होत्या. हवेमुळे पडणाऱ्या या रेघांना त्यांनी दिलेलं पार्थिव रेघा हे नाव शास्त्रात रूढ झालं.

मधल्या काळात सँटोरिनी बेटावर ज्वालामुखी पेटला तर हे तिथेही गेले आणि ज्वाळांमध्ये हायड्रोजन ओळखून आले. आग दिसली की हा माणूस प्रिझम घेऊन हजर.

गुंटूरची सहा मिनिटं आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ

१८ ऑगस्ट १८६८. सूर्य पूर्ण झाकला गेला तो काळ सहा मिनिटांच्या आसपास. चंद्राच्या काळ्या तबकडीच्या कडेने सूर्याच्या प्रचंड ज्वाळा बाहेर आलेल्या दिसत होत्या. त्या नेमक्या काय आहेत, सूर्याच्या की चंद्राच्या, घन की वायू, यावर तोवर वाद चालू होता. जान्सेननी उपकरण त्यांच्यावर रोखलं. आत काळ्या रेघा नव्हत्या, झगझगीत रेघा होत्या. म्हणजे तापलेला वायू, मुख्यतः हायड्रोजन. वाद संपला. त्या दिवशीच्या इतर निरीक्षकांनीही हेच पाहिलं.

त्यांच्यात आणि जान्सेनमध्ये फरक पडला तो ग्रहण सुटल्यावर. रेघा इतक्या ठळक होत्या की जान्सेनच्या डोक्यात आलं, या तर ग्रहण नसतानाही दिसायला हव्यात. उजेडाचा पट्टा पुरेसा ताणला की आकाशाची चकाकी पसरून फिकी पडेल, पण एका रंगाची रेघ तशीच राहील. त्याच दुपारी करून बघायचं होतं, पण ढग आले. रात्र कशी गेली असेल कोण जाणे. १९ ऑगस्टला पहाटे ते उपकरणापाशी होते, सूर्य वर आला आणि रेघा दिसल्या. ग्रहणाविना. पुढचे सतरा दिवस ते रोज सूर्याच्या ज्वाळा बघत होते. तोवर शास्त्रज्ञांना यासाठी वर्षानुवर्षं थांबून, जग ओलांडून, काही मिनिटं मिळायची. आता रोज दिवसभर.

कळवायचं कसं? काकीनाडाहून १९ सप्टेंबरला पत्र टाकलं. ते पॅरिसला पोचायला महिन्याहून जास्त लागला. इकडे २० ऑक्टोबरला लॉकियरने लंडनमधल्या स्वतःच्या घरून तीच युक्ती स्वतंत्रपणे साधली. दोघांची पत्रं २६ ऑक्टोबर १८६८ ला फ्रेंच विज्ञान अकादमीत एकाच बैठकीत येऊन पडली. काही मिनिटांच्या अंतराने.

श्रेयासाठी भांडायची याहून चांगली संधी नव्हती. भांडण झालं नाही. फ्रेंच सरकारने एक पदक पाडलं, त्यावर दोघांचे चेहरे शेजारी शेजारी, आणि पुढे आयुष्यभर दोघांची दोस्ती राहिली.

आणि हेलियम? ग्रहणात एक पिवळी रेघ दिसली होती. बहुतेकांनी ती सोडियमची धरली. पॉगसनच्या लक्षात आलं होतं की ती सोडियमच्या जागी नेमकी बसत नाही. लॉकियरने नंतर तिच्यावर चिकाटीने काम केलं आणि हे नवंच मूलद्रव्य आहे असं म्हणून सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम हे नाव पुढे आणलं. पृथ्वीवर तो १८९५ मध्ये रॅम्झींच्या प्रयोगशाळेत सापडला. त्यामुळे हेलियमचा शोध कुठल्या एका माणसाच्या, एका किल्ल्याच्या किंवा एका दिवसाच्या नावावर टाकणं अवघडच आहे. जान्सेनच्या नावावरही तो पूर्णपणे टाकता येत नाही. विजयदुर्गाच्या पदरात मात्र दोन खग्रास ग्रहणं पडली, आणि दुसऱ्याला खुद्द लॉकियर हजर होता. हेही काही कमी नाही.

वेढ्यातून बलूनने

१८७० च्या सप्टेंबरात प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला. २२ डिसेंबरला अल्जीरियात खग्रास ग्रहण होतं आणि जान्सेन आत अडकलेले. इंग्लंडच्या शास्त्रज्ञांनी त्यांच्यासाठी शत्रूकडून सुरक्षित वाट मिळवायची खटपट केली. ती सवलत जान्सेनना नको होती. शत्रूच्या मेहेरबानीवर बाहेर पडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

२ डिसेंबरला पहाटे ते व्होल्टा नावाच्या बलूनमध्ये चढले. वय ४६, पाय अधू, सोबत एक खलाशी आणि ग्रहणाच्या उपकरणांच्या पेट्या. शत्रूच्या फौजेवरून उडत काही तासांत ते अटलांटिक किनाऱ्याजवळ उतरले आणि तिथून वेळेत ओरानला पोचले.

ग्रहणाच्या दिवशी ढग आले. काही म्हणजे काही दिसलं नाही.

पुढच्या वर्षी ते पुन्हा भारतात. १२ डिसेंबर १८७१ चं ग्रहण, या वेळी निलगिरीत. सूर्याभोवतीच्या प्रभामंडळाच्या उजेडात त्यांना सूर्याच्याच काळ्या रेघा अंधूक दिसल्या. अर्थ असा की तो सगळा उजेड तापलेल्या वायूचा नाही, काही भाग कणांवर आपटून परावर्तित झालेला आहे. वायू रेघ पाडतो आणि कण उजेड विखुरतात, हा फरक धुराच्या बाबतीत फार कामाचा ठरतो, कारण धुरात दोन्ही असतं.

१८७४ मध्ये सूर्यबिंबावरून शुक्र सरकताना टिपायला ते जपानात नागासाकीला गेले. त्यासाठी त्यांनी एक फिरत्या चकतीचा कॅमेरा बनवून घेतला, जो ७२ सेकंदांत ४८ फोटो काढायचा. सिनेमाच्या इतिहासाची पुस्तकं याला पूर्वज मानतात. जान्सेनना सिनेमाशी देणंघेणं नव्हतं, त्यांना अचूक वेळ हवी होती. नंतर पॅरिसजवळ मदों इथे त्यांना वेधशाळा मिळाली आणि तिथे सूर्याचे हजारो फोटो निघाले. त्यांची पत्नी हेन्रिएत अनेक प्रवासांत बरोबर असायची.

ऑक्सिजन कोणाचा?

आता खरा मुद्दा. सूर्याच्या पट्ट्यात लाल टोकाकडे काही ठळक काळे पट्टे आहेत. फ्राउनहोफरने त्यांना ए आणि बी म्हटलं होतं. ते ऑक्सिजनचे आहेत हे १८८० च्या दशकात स्पष्ट झालं. पण कुठल्या ऑक्सिजनचे? सूर्यावरच्या की आपल्या हवेतल्या? सूर्यावर ऑक्सिजन आहे की नाही, हा तेव्हाचा मोठा प्रश्न होता.

जान्सेननी परत तोच खेळ मांडला. मदोंला साठ मीटर लांब नळी, तिच्यात दाबाखाली ऑक्सिजन. तिथे त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. काही पट्टे ऑक्सिजनच्या प्रमाणात वाढत होते. ते अपेक्षित होतं. पण दुसरे काही पट्टे घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत होते. घनता दुप्पट केली की पट्टा चौपट. याचं कारण नंतर कळलं. ते पट्टे एकट्या रेणूचे नसून एकमेकांवर आदळणाऱ्या ऑक्सिजनच्या जोडीचे आहेत.

१८८९ मध्ये आयफेल टॉवर उभा राहिला. लोक बघायला आले, जान्सेन मोजायला आले. टॉवरच्या टोकावरचा दिवा त्यांनी ७.७ किलोमीटरवरच्या मदोंहून तपासला. हे अंतर सोयीचं होतं. जमिनीलगत तेवढ्या अंतरात जितका ऑक्सिजन असतो, साधारण तितकाच डोक्यावर सरळ उभ्या वातावरणात असतो. पट्टे दिसले. दिवा सूर्यावर नव्हता, तरीही.

मग उलट बाजू. हवा कमी केली तर पट्टे कमी होतात का? त्यासाठी उंच जायला हवं. १८८८ मध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, ते माँ ब्लांच्या हिमनदीवरच्या झोपडीपर्यंत गेले. चालता येत नव्हतं, म्हणून शिडीसारख्या खुर्चीत बसवून वाटाड्यांनी खांद्यावर नेलं. १८९० मध्ये बर्फावरच्या घसरगाडीत बसून, वाटाड्यांनी दोरांनी ओढत, थेट शिखरावर. ४,८०० मीटरहून उंच. वर पट्टे फिके झाले होते, जितके व्हायला हवे तितके. वातावरणाच्या बाहेर गेलं तर ते उरणारच नाहीत, असा हिशेब निघाला. पट्टे आपल्या हवेचे.

(सूर्यावर ऑक्सिजन आहे हे पुढे दुसऱ्या रेघांवरून कळलं. तिथे तो सुट्या अणूंच्या रूपात आहे. पण ए आणि बी पट्ट्यांबद्दलचं जान्सेनचं उत्तर बरोबरच ठरलं.)

आणि इथे धूर येतो

हवेत ऑक्सिजनचं प्रमाण जवळजवळ ठरलेलं आहे, कोरड्या हवेत २०.९५ टक्के. रत्नागिरीत तेवढंच, रशियात तेवढंच. म्हणून ऑक्सिजनचा पट्टा म्हणजे एक मोजपट्टी. पट्टा जितका गडद, तितका लांब रस्ता उजेडाने हवेतून कापला.

सूर्याचा उजेड जमिनीपर्यंत जाऊन उपग्रहाकडे परत गेला तर त्याने वातावरण दोनदा पूर्ण ओलांडलं, म्हणून ए पट्टा गडद. मध्येच पाच किलोमीटरवर दाट धुराचा थर असेल, तर बराच उजेड तिथूनच माघारी फिरतो. खालचा दाट ऑक्सिजन त्याला लागतच नाही, म्हणून पट्टा फिका. किती फिका यावरून थराची उंची काढता येते. ट्रोपोमी धुराची उंची याच ए पट्ट्यावरून काढतं, ७६० नॅनोमीटरच्या आसपास. आणि जान्सेनचे ते घनतेच्या वर्गाने वाढणारे विचित्र पट्टे? त्यातला ४७७ नॅनोमीटरचा पट्टा २००४ मध्ये गेलेल्या ऑरा उपग्रहावरचं ओमी हे उपकरण ढगांची उंची काढायला वापरतं. ढग कुठे आहे हे कळल्याशिवाय खालच्या वायूंचा हिशेब लागत नाही.

उंची एवढी महत्त्वाची का? कारण उपग्रहाला दिसतो तो जमिनीपासून वरपर्यंतचा एकूण साठा. तोच साठा जमिनीलगत असेल तर तो तुमच्या छातीत जातो, पाच किलोमीटरवर असेल तर डोक्यावरून निघून जातो आणि सूर्य फक्त तांबडा दिसतो. जून २०२३ मध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर न्यूयॉर्कमध्ये खाली उतरला आणि दिवसाढवळ्या शहर नारिंगी झालं. उलट २०१९-२० च्या ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांचा काही धूर तीस किलोमीटरच्या वर पोचला होता. दोन्हीकडे धूरच, पण डॉक्टरांकडे लागणारी रांग वेगळी.

वायूंचं काम बारकोडवर चालतं. नायट्रोजन डायऑक्साइड निळ्या रंगात रेघा पाडतो, फॉर्मल्डिहाइड अतिनील भागात, कार्बन मोनॉक्साइड डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त भागात. धुरातली काजळी अतिनील प्रकाश गिळते, त्यावरून धूर आणि साधा ढग यांतला फरक कळतो.

आता आपल्या सड्यावर परत येऊ, कारण इथे एक मोठी गोची आहे. ट्रोपोमीचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा साधारण साडेपाच बाय साडेतीन किलोमीटरचा तुकडा, आणि कार्बन मोनॉक्साइडसाठी त्याहून मोठा. अमेरिकेतलं जंगल पंधरा दिवस जळतं, ते यात ठसठशीत दिसतं. पण बागेतली दोन-तीन एकरांची आग एवढ्या मोठ्या ठिपक्यात विरघळून जाते. त्यात उपग्रह येतो दुपारी दीडला आणि वणवा लागतो चारला. तो विझेपर्यंत उपग्रह दुसऱ्या खंडावर पोचलेला असतो. पावसाळ्यात ढग आडवे येतात हे तर आहेच, पण वणव्याच्या दिवसांत आभाळ मोकळं असतं तेवढं बरं.

आग नेमकी कुठे लागली हे बघायला वेगळी उपकरणं आहेत. व्हीआयआयआरएस ३७५ मीटरच्या तुकड्यांत उष्णतेचे ठिपके पकडतं, दिवसा आणि रात्रीही. नासाच्या फर्म्स नकाशावर ते ठिपके फुकट दिसतात, आणि भारतीय वन सर्वेक्षण अशाच ठिपक्यांवरून वन खात्याला इशारे पाठवतं. पण उष्णतेचा ठिपका म्हणजे धूर नव्हे. गावातल्या माणसाने किती धूर गिळला हे कळायला शेवटी गावातच यंत्र लागतं. जान्सेननी सूर्याच्या रेघा तपासायला जमिनीवर नळी बांधली, तसंच उपग्रहाचे आकडे तपासायलाही जमिनीवरची मोजणी लागतेच.

शिखरावरचं लाकडी घर

माँ ब्लांच्या शिखरावर एकदा जाऊन जान्सेनचं समाधान झालं नाही. तिथे कायमची वेधशाळा हवी होती. आयफेल टॉवरवाल्या गुस्ताव्ह आयफेलने पायासाठी खडक शोधायचा खर्च उचलला. बर्फात बोगदा खणला, खडक लागला नाही. बहुतेकांनी नाद सोडला असता. जान्सेननी ठरवलं, बर्फावरच बांधू. मदोंला लाकडी इमारत तयार झाली, सुटी करून हमालांच्या पाठीवर वर गेली आणि १८९३ मध्ये शिखरावर उभी राहिली. एकोणसत्तराव्या वर्षी ते स्वतः वर जाऊन ऑक्सिजनचे पट्टे पुन्हा मोजून आले.

२३ डिसेंबर १९०७ ला मदोंमध्ये त्यांचं निधन झालं. तोवर शिखरावरची इमारत हळूहळू बर्फात रुतू लागली होती. १९०९ मध्ये ती सोडून द्यावी लागली आणि हिमनदीने ती गिळली.